म्हापणकरबाईंच्या गाठी

'कृतिसंशोधन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो ट्रेनिंग कॉलेजात. व्याख्याते मोठे विद्वान होते. त्यांनी फळ्यावर आकडे घालून पायऱ्या लिहिल्या. अडचण ओळखा, कारण शोधा, एक उपाय करून बघा, काय झालं ते टिपून ठेवा, पुन्हा विचार करा. आम्ही सगळ्या शिक्षिका माना खाली घालून उतरवून घेत होतो आणि मला एकदम हसू फुटलं. ते म्हणाले, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही सर. ह्या सगळ्या पायऱ्या मी एका बाईंच्या पदराला बांधलेल्या पाहिल्यात."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. रागावलेच जरा. पण मी खरं तेच सांगत होते.

म्हापणकरबाई लालबागच्या एका म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. मी त्याच शाळेत तिसरीला. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. अर्ध्या मुलींच्या आया मोर्च्यात आणि शाळेच्या भिंतीवर रोज नवी घोषणा रंगवलेली. मी ठाकूरद्वारची. आमच्या वाडीत चार पिढ्यांपासून कचेरीत जाणारी माणसं. लालबागच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा माझ्या आत्यानं "गिरणीवाल्यांत जाणार का गं तू?" असं विचारून नाक मुरडलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मीही आतून तसंच नाक मुरडून ट्राममध्ये बसले होते.

बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. वेंगुर्ल्याकडच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढरी सुती साडी आणि अंबाड्यात एक पेन्सिल खोवलेली. फूल माळलेलं मी कधी पाहिलं नाही, पेन्सिल मात्र चुकली नाही. जुन्या हजेरीपटांची कोरी राहिलेली पानं त्या सुईदोऱ्यानं शिवायच्या आणि त्याची वही करायच्या. प्रत्येक पानावर तीन रकाने. 'काय केलं', 'काय झालं', 'मग काय'. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा असायचा. मी एकदा म्हटलं, "बाई, हा भरत का नाही?" तर म्हणाल्या, "अगो, ता कळला असता तर वही कशाला शिवली असती?" रंगात आल्या की मालवणी यायची तोंडात.

आणि त्या गाठी. एखादी गोष्ट एखाद्या मुलीला येत नाही असं दिसलं की बाई पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. बाजारातून आणायची वस्तू विसरू नये म्हणून आपण मारतो, तशी. ज्या दिवशी मुलीला ते जमलं त्या दिवशी गाठ सुटायची. आता साडी काय रोज बदलते. तर बाई सकाळी नवी साडी नेसल्या की कालच्या उरलेल्या गाठी मोजून नव्या पदराला मारायच्या. मी हसले तर म्हणाल्या, "हस हो. पण येता-जाता हाताला लागतात. वहीत लिहिलेलं मिटता येतं, ह्या मिटत नाहीत." कुठली गाठ कोणाची ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं.

त्या वर्षी चौथीत अकरा गाठी झाल्या, एकाच कारणानं. अकरा मुली वाचायच्या नाहीत.

वाचायच्या नाहीत म्हणजे तोंडच उघडायच्या नाहीत. उभं केलं की पुस्तक धरून उभ्या. ओठ हलल्यासारखे वाटायचे, आवाज नाही. आणि त्या काळी वाचनाची परीक्षा म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवायचं. वार्षिक परीक्षेला तपासनीस यायचे, पुस्तक कुठंही उघडायचे नि म्हणायचे, "हं, वाच." जी वाचणार नाही ती नापास.

आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्यांनी शिक्षिकांच्या खोलीत निकाल देऊन टाकला. "म्हापणकर, त्या अकरांवर वेळ घालवू नका. बसवा खाली. बाकीच्यांचा निकाल बघा. दगडाला पाझर फुटत नसतो." मी मान डोलावली. कारण त्या अकरांतल्या बऱ्याच जणी माझ्याच तिसरीतून गेल्या होत्या. शेवंती तर माझ्याकडे दोन वर्षं होती. पहिल्या वर्षी मी तिला नापास केली, दुसऱ्या वर्षी वर ढकलली आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर लाल शाईनं लिहिलं : 'वाचता येत नाही. मंद.' अक्षर माझं फार सुंदर होतं.

ह्या शेवंतीचंच सगळं अडलेलं होतं. आई एका खोलीत खानावळ चालवायची, गिरणीतले दहा-बारा गडी जेवायला. बाप विणकर, कायमचा रात्रपाळीला. त्यानं आईजवळ सांगून ठेवलं होतं, यंदा नापास झाली की शाळा बंद, खानावळीत भाकऱ्या थापायला बसव. पोरगी अकरा वर्षांची. हे तिच्या आईनं बाईंना शाळेच्या फाटकाशी सांगितलं, डोळ्यांना पदर लावून. बाईंनी तिच्यादेखत गाठ मारली आणि म्हणाल्या, "परीक्षेला सहा महिने आसत. तवसर तेका खय बसवू नको." म्हणजे तोवर पोरीला घरी बसवायचं नाही.

मग सुरू झालं बाईंचं. आधी ठसठशीत अक्षरांचे तक्ते रंगवले. आठवडाभर तक्त्यावरून वाचन. वहीत नोंद : 'तक्ते. आवाज नाही.' मग अकराही जणींना पहिल्या बाकांवर आणलं. त्या आणखीच चुपल्या. 'पुढे बसवल्या. होतं ते ओठ हलणंही गेलं.' मग लिमलेटच्या गोळ्या. वाचेल तिला गोळी. पहिल्या दिवशी बाईंनी लालूच म्हणून आधीच एकेक दिली. मुलींनी गोळ्या खाल्ल्या, बाईंकडे प्रेमानं पाहिलं आणि तोंडं मिटून उभ्या राहिल्या. वहीत लिहिलं होतं : 'गोळ्या संपल्या. आवाज नाही. चूक माझी, आधी द्यायची नव्हती.'

मी तरुण, उतावीळ. म्हटलं, "बाई, असं एकेक काय करत बसता? तक्ते, गोळ्या, छडी, सगळं एकदम लावा की. काहीतरी लागू पडेल."

"आणि लागू पडलं तर कशानं पडलं ते कसं कळायचं?" बाई म्हणाल्या. "आमटी बिघडली म्हणून मीठ, गूळ, चिंच एकदम ओतलीस नि झाली बरी, तर उद्या परत कशी करशील? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोसत नसेल तर तुझी तिसरी बघ जा."

अशा फटकन बोलायच्या. मी दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी माझ्यापुढं सरकवली. ठाकूरद्वारची माणसं रुसतील, पण मासळीपुढं रुसवा टिकायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी बाई मधल्या सुट्टीत अक्षरशः धावत आल्या. त्यांनी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या होत्या, प्रत्येकीला वेगळी. तोंडानं काही बोलायचं नाही, चिठ्ठीत लिहिलंय ते करायचं. शेवंतीच्या चिठ्ठीत होतं, 'मागची खिडकी लाव, टेबलाखालची छत्री घे आणि सुमनच्या हातात दे.' शेवंती उठली, खिडकी लावली, छत्री घेतली, सुमनला दिली आणि जागेवर जाऊन बसली. अकरापैकी नऊ जणींनी चिठ्ठीप्रमाणे केलं.

"वाचता येतं गो तिला!" बाईंनी माझा दंड धरला. "मनातल्या मनात सगळं येतं! दोन वर्षं तुझ्याकडे होती ना? तुझ्याकडेच शिकलीय, बघ."

त्या मला शाबासकीच देत होत्या. मला मात्र ते लाल शाईतलं अक्षर डोळ्यांपुढं दिसलं नि अंगाचा तिळपापड झाला. "मग माझ्याकडे का नाही वाचलं? मुद्दाम? मला छळायला?" असं काहीतरी मी बोलले. बाई म्हणाल्या, "तेच शोधायचंय. येतं आणि आवाज निघत नाही. काहीतरी अडवतंय. कदाचित मीच अडवत असेन. तू एक काम कर. माझ्या तासाला मागे येऊन बस. मी काय बोलते ते मोज."

असली मागणी मी जन्मात ऐकली नव्हती. एका शिक्षिकेनं दुसरीला आपल्या वर्गात बसवायचं, तेही धाकटीला, आणि चुका मोजायला! पण गेले. खरं सांगायचं तर त्यांच्या चुका मोजायला आवडणारच होतं मला. शेवटच्या बाकावर बसले आणि कागदावर रेघा मारत गेले. तास संपल्यावर कागद दिला. बाई एका तासात एकतीस वेळा 'गप्प' म्हणाल्या होत्या. गप्प बसा, गप्प गं, चूप, आवाज नको, हाताची घडी तोंडावर बोट. वर्गात पाऊल टाकल्यावरचा पहिला शब्दही तोच.

बाईंनी त्या रेघा पुन्हा मोजल्या. चेहरा पार उतरला. "सव्वीस वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या. "म्हणजे सव्वीस वर्षं मी पोरींना गप्प बसायलाच शिकवलं." मग नाक पुसलं, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि वहीत लिहिलं. 'उद्यापासून हा शब्द बंद.' लिहून झाल्यावर सहज मला म्हणाल्या, "आता मी बसू का तुझ्या वर्गात?"

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझ्या वर्गात कोणी बसायचं नाही. मला गरज नाही त्याची."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत पदराला एक गाठ मारली. "ही तुझी."

'गप्प' बंद झाल्यावर चौथीचा नुसता मासळीबाजार झाला. शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार घेऊन गेल्या. मोठ्या बाई येऊन दारात उभ्या राहिल्या, "म्हापणकर, हे काय चाललंय? तपासनीसांना हाच गोंगाट ऐकवणार का?" बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस द्या. मग मला बोला." ह्या पंधरा दिवसांत अकरापैकी सहा जणींना आवाज फुटला. सहा गाठी सुटल्या. उरलेल्या पाच जणी आणि त्यांत शेवंती जिथल्या तिथं.

पुढची गोष्ट रस्त्यावर कळली. शाळा सुटून आम्ही दोघी ट्रामच्या थांब्याकडे निघालो होतो, तर समोरून बायकांचा मोर्चा. खानावळीवाल्या, गिरणीतल्या, कडेवर पोरं घेतलेल्या. पुढच्या रांगेत आईचा पदर धरून शेवंती. मूठ वर आणि तोंडानं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" तिची शीर फुगलेली दिसत होती मानेवरची. अख्ख्या रांगेला ती घोषणा देत होती आणि मागच्या बायका तिच्यामागून ओरडत होत्या.

मी तोंडात बोट घातलं. बाईंनी माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळं-निळं होतं. "आवाज आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर आहे. आत नाही. उद्या तिच्या घरी जायचं. तूही चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, शाळा भरायच्या आधी, आम्ही तिच्या चाळीत गेलो. खोलीचं दार उघडंच होतं. आत जमिनीवर पाच माणसं ओळीनं झोपलेली. रात्रपाळीची, त्यांत तिचा बापही. पलीकडे चुलीशी शेवंतीची आई बसली होती. आम्हाला पाहून उठली, ओठांवर बोट ठेवलं, हातानंच 'बाहेर थांबा' म्हणाली. शेवंती झोपलेल्या माणसांच्या मधून पाय उचलत पाण्याची कळशी घेऊन आली. कळशी तिनं अशी ठेवली की जमिनीला कळलंही नसेल. मग आईनं दोन बोटं दाखवली, शेवंतीनं दोन ताटल्या दिल्या. आईनं मूठ वळली, शेवंतीनं मीठ दिलं. दहा मिनिटं मी तिथं उभी होते. त्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

बाई दारातून बाजूला झाल्या आणि गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. रडत होत्या. "डोक्यावर छप्पर आलं की कोणीतरी झोपलेलं असतं," त्या म्हणाल्या. "जन्मल्यापासून हेच. आणि वर मी. वर तू." मला त्या दिवशी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

त्या पाचही जणींचे बाप रात्रपाळीचे निघाले.

मग बाई त्या पाच जणींना शाळेच्या गच्चीवर न्यायला लागल्या. वर उघडं आभाळ, चारी बाजूंना गिरण्यांची धुराडी. पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, गिरणीचा भोंगा वाजला की वाचायला सुरुवात करा, नाहीतरी कोणाला ऐकू येणार नाही. भोंगा वाजला, पोरी वाचायला लागल्या. भोंगा थांबला आणि चार जणींचे आवाज चालूच राहिले. शेवंतीचा सर्वांत खणखणीत. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. दोन वर्षं माझ्या वर्गात बसलेल्या मुलीचा आवाज मी पहिल्यांदा तिथं ऐकला.

पण परीक्षा गच्चीवर होणार नव्हती. बाईंनी वाचन आठवड्याला थोडंथोडं खाली आणलं. गच्चीवरून जिन्याच्या तोंडाशी, तिथून व्हरांड्यात, मग वर्गाच्या उंबऱ्यावर. दोघी आतपर्यंत आल्या, एक व्हरांड्यातच अडली. शेवंती उंबऱ्यावर उभी राहून सुरेख वाचायची आणि एक पाऊल आत टाकलं की आवाज बंद. परीक्षा आठ दिवसांवर आली. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुष्कळ केलंत म्हापणकर. आता सोडा तिला." बाईंनी वही उघडली, सगळी पानं पहिल्यापासून वाचली आणि म्हणाल्या, "सगळं बदलून बघितलं. एकच गोष्ट राहिलीय. बाप."

तीनदा गेल्या त्याच्याकडे. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होते. गिरणीच्या फाटकाशी, पाळी सुटताना गाठला त्याला. भला माणूस. हात जोडून म्हणाला, "बाई, माका सकाळी झोप गावली नाय तर रात्री साच्यार हात जातलो माजो. मगे घर कोणी चालवचा?" साचा म्हणजे त्याचा माग. बाई म्हणाल्या, "एक सकाळ परीक्षेक ये, बाबा. एकच. तुजो झोपेचो मान राखता म्हणान तुजा चेडू मुक्या झाला. तेचो आवाज कसो आसा, तुका म्हायत आसा?"

तो विचारात पडला. पोरीचा आवाज खरोखर आठवून बघत होता. मग हळूच म्हणाला, "नाय गे बाय. माकाच म्हायत नाय."

येतो म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही. तसाच निघून गेला.

परीक्षेच्या दिवशी तपासनीस आले. कोट, टोपी, कडक. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी. मी माझा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेवर सोपवून दाराबाहेर उभी. एकेक मुलगी वाचत होती. शेवंतीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. पुस्तक धरलं. ओठ हलले. आवाज नाही.

"मोठ्यानं," तपासनीस म्हणाले. "ऐकू येत नाही." काही नाही. त्यांनी पेन उचललं. मोठ्या बाईंनी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. माझ्या लाल शाईतलं असणार ते. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दाराकडे बघत होत्या. मला एवढंच वाटत होतं की ह्या बाईला देवानं आता तरी यश द्यावं.

आणि मागून कोणीतरी मला बाजूला केलं. तो आला होता. पाळीवरून तसाच, न झोपता. केसांत कापसाचे तंतू, डोळे लालभडक, टोपी हातात चुरगळलेली. दारात उभा राहिला. तपासनीस म्हणाले, "हे कोण?" बाई शेवंतीला म्हणाल्या, "शेवंती, तुजो बापूस जागो आसा गो."

शेवंतीनं मान वळवली. बापाकडे पाहिलं. त्यानं मोठी मान हलवली, हो, जागा आहे मी. आणि पोरीनं वाचायला सुरुवात केली. सुरुवातीच्या दोन ओळी जरा कापल्या, मग आवाज असा चढला की व्हरांड्यातल्या मुली धावत येऊन बघायला लागल्या. नदीवरचा धडा होता. तपासनीस म्हणाले, "पुरे, पुरे." ती थांबेचना. पान उलटलं, पुढचंही वाचलं, धड्याखालचे प्रश्नसुद्धा वाचले. बाप दाराच्या चौकटीला धरून हसत होता आणि डोळे गळत होते. "बोंब मारता मगे चेडू माजा!" असं तो मलाच सांगत होता, जसं काही मला दिसत नव्हतं.

अकरांतल्या नऊ पास झाल्या. नऊ वेळा बाईंनी गाठ सोडली. दोघी राहिल्या, त्यांच्या गाठी पुढच्या वर्षीच्या पदरावर गेल्या. बाईंनी ह्या यशाचं कधी भाषण केलं नाही. मोठ्या बाईंनी शाबासकी दिली तेव्हाही "दोन राहिल्या" एवढंच म्हणाल्या.

तीन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. तोवर राज्य झालं होतं, लालबागच्या चाळींवर तोरणं लागून गेली होती. आम्ही वर्गणी काढून हिंदमाताच्या दुकानातून त्यांना साडी आणली, पांढरीच, पण काठ जरा बरा. निरोपाच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "बाई, आज माझ्या तासाला बसता?"

बाई येऊन शेवटच्या बाकावर मुलींच्यात दाटीवाटीनं बसल्या, अंबाड्यातली पेन्सिल काढली. मी काय शिकवलं म्हणून सांगू! एकदाही 'गप्प' म्हटलं नाही. हसून, खेळवून, गोष्ट सांगून. तास संपला तेव्हा माझी छाती फुगली होती.

दुपारी समारंभात मानपत्र वाचलं ते सातवीतल्या शेवंतीनं. पहिल्याच ओळीला मोठ्या बाई दचकून म्हणाल्या, "जरा हळू गं." म्हापणकरबाई खुर्चीतून उठल्याच. "नको. तिला हळू म्हणायचं नाही." सगळा हॉल हसला. शेवंती आणखी मोठ्यानं वाचायला लागली.

संध्याकाळी मी त्यांना ट्रामपर्यंत पोचवायला गेले. त्या दोन दिवसांत वेंगुर्ल्याला निघणार होत्या, कायमच्या. ट्राम आली तेव्हा त्यांनी माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला आणि चढल्या. खिडकीशी बसल्या. ट्राम अजून उभी होती. मी कागद उघडला. मला वाटलं, शाबासकी असेल.

दोन रेघा होत्या. खाली लिहिलं होतं : 'शेवटच्या बाकाकडे पाहिलंस : दोनदा. त्यातलं एकदा घड्याळ बघायला.'

आमच्या वर्गात घड्याळ मागच्या भिंतीवर होतं.

मी वर पाहिलं. बाई खिडकीत बसून पदराच्या टोकाशी झटत होत्या. गाठ घट्ट बसली होती. तीन वर्षं रोज नव्या पदराला मारलेली, माझी. शेवटी दातांनी सोडली, पदर झटकला आणि माझ्याकडे बघून हसल्या. ट्राम हलली. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत.

मी तिथंच उभी राहिले. सकाळी बाईंच्या शेजारी, त्या शेवटच्या बाकावर, तिसरीतली कोण मुलगी बसली होती ते आठवायचा प्रयत्न करत होते. काही केल्या आठवेना. मग मी पदर पुढं घेतला आणि गाठ मारली.